लिओनच्या वहीतली रायफल

लिओन बुशीच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक पाटी होती : ‘खासगी विक्रीची तपासणी – चाळीस डॉलर. त्याबद्दलचं रडगाणं – फुकट.’ दुकान म्हणजे त्याच्या घरामागचं गॅरेज. एका भिंतीला बंदुका, दुसरीला लोकरीचे मोजे आणि मासेमारीचे गळ, आणि कोपऱ्यात मेव्हण्याने पाठवलेल्या मेपलच्या पाकाचे डबे. पाटीखाली वर्तमानपत्राचा एक पिवळट कपटा चिकटपट्टीने लावलेला होता. हार्लन टाट्रो दुकानात शिरला की लिओन त्या कपट्यावर बोटाने टकटक करी आणि हार्लन हसून मान फिरवी. दोघांचा हा खेळ दीड वर्ष चालला होता.

कपट्यावर हार्लनचंच वाक्य छापलेलं होतं. व्हरमाँट राज्यात नवा कायदा आला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकायची तरी परवानेवाल्या दुकानदारासमोर उभं राहून, फॉर्म भरून घेणाऱ्याच्या जुन्या गुन्ह्यांची तपासणी करून घ्यायची असं ठरलं, तेव्हा गावाच्या मार्चच्या सभेत नुसता गदारोळ झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी पिता पिता बंदुकांचे सौदे करणारी माणसं ती, त्यांना हे कुठून रुचणार? त्या गदारोळात हार्लन उठला. गावाच्या रस्त्यांवरचं बर्फ काढण्यात ज्याचे एकतीस हिवाळे गेले, त्याचं बोलणं लोक ऐकतात. तो म्हणाला, “मन साफ असलेल्या माणसाला फॉर्मची कसली भीती? सही करा आणि बंदूक घेऊन घरी जा.” जिल्ह्याच्या साप्ताहिकाने ते चौकटीत छापलं. नाकाने कांदे सोलायची हौस असते काही माणसांना, आणि हार्लनला ती थोडी होतीच. पण बोलला ते मनापासून बोलला होता. स्वतःचा आणि त्या फॉर्मचा काही संबंध येईल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

नोव्हेंबरातल्या बुधवारी दुपारी तो आणि कोरी लाफाउंटन लिओनच्या गल्ल्यासमोर उभे होते. शनिवारी हरणांचा मोसम उघडणार होता. हार्लनचा उजवा खांदा निकामी झाला होता; गोळी उडाली की रायफलचा धक्का थेट हाडात जायचा. म्हणून बापाकडून आलेली रायफल त्याने कोरीला विकायची ठरवली. कोरी बत्तीस वर्षांचा, आता हार्लनच्या जागी बर्फ काढायचा ट्रक तोच चालवत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी हार्लनची गाडी खड्ड्यात गेली तेव्हा उणे वीसमध्ये दोन तास खपून त्याने ती बाहेर काढली होती. आजवर तो सासऱ्याची बंदूक मागून शिकारीला जायचा आणि सासरा ती देताना दर वर्षी दहा सूचना द्यायचा.

नोरीनला, म्हणजे हार्लनच्या बायकोला, ही विक्री मंजूर नव्हती. मुलगी जोआन ओहायोत होती. तिला ती रायफल द्यावी, घरच्या घरी दिली तर तपासणीही लागत नाही, असं तिचं म्हणणं. हार्लन म्हणाला होता, जोआन ती भिंतीवर टांगेल आणि तिच्यावर नाताळचे दिवे सोडेल. तिथे बोलणं संपलं होतं.

तर कोरी फॉर्म भरत होता. नाव, पत्ता, उंची, वजन. मग ‘हो’ आणि ‘नाही’च्या चौकोनांची लांबलचक रांग. मध्येच पेन थांबवून त्याने विचारलं, “हार्लन, ह्याचा अर्थ काय हो? वाक्य संपतच नाही.”

हार्लनने चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचायला लागला. कोणत्याही न्यायालयात, एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकते अशा गुन्ह्यासाठी तुम्ही कधी दोषी ठरला आहात का, असं विचारलं होतं. इथवर त्याचा आवाज खणखणीत होता. पुढे लिहिलं होतं : प्रत्यक्षात शिक्षा कमी झाली असेल, किंवा तुरुंगाऐवजी नुसती देखरेखीवर सुटका झाली असेल, तरीही.

“तरीही,” हार्लन पुन्हा म्हणाला. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला.

“म्हणजे नाही,” कोरी म्हणाला आणि त्याने खूण केली.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. हार्लन एकोणीस वर्षांचा होता. डेनी नावाच्या मित्राबरोबर तो फेरीबोटीने सरोवरापलीकडे न्यूयॉर्क राज्यात गेला होता. तिथे कुणा श्रीमंताचा उन्हाळी बंगला हिवाळ्यात रिकामा पडलेला. दोघांनी मागचं दार मोडलं आणि बोटीचं इंजिन पळवलं. फेरीवर चढायच्या आत पकडले गेले. घरफोडीचा गुन्हा त्याने कबूल केला. न्यायाधीशाने तुरुंगात धाडलं नाही, दोन वर्षं देखरेखीखाली ठेवलं. सरकारने दिलेला वकील पाठीवर थाप मारून म्हणाला होता, नीट वाग पोरा, की हे संपलं. पोरगा नीट वागला. इतका नीट वागला की संपलंच असं धरून चालला. नोरीन भेटली ती पुढच्या वर्षी. तिला सांगावं असं त्यात काही उरलंय असं त्याला वाटलंच नाही. त्यानंतर एकही बंदूक त्याने दुकानातून घेतली नाही. बापाची बापाकडून आली, बाकीच्या कुणाकुणाच्या टेबलावर कॉफीबरोबर.

आणि आता तो लिओनच्या गल्ल्यापाशी उभा होता, आणि घामाने त्याचा लोकरी सदरा पाठीला चिकटला होता.

लिओनने सरकारी तपासणी केंद्राला फोन लावला, कोरीची माहिती सांगितली, थोडा वेळ ऐकलं आणि फोन ठेवला. उत्तर लगेच मिळणार नाही म्हणाले, ‘थांबा’ सांगितलंय. कधी तासाभरात येतं, कधी तीन दिवस लागतात. कोरीचं तोंड उतरलं. शनिवार तीन दिवसांवर आला होता.

लिओन हार्लनकडे वळला. तो बडबड्या असला तरी कामाला चोख होता. रायफल आज परत घेऊन जा, उत्तर आलं की दोघं पुन्हा या, असं त्याने सुचवलं. इथे ठेवून गेलास तर मला ती माझ्या साठ्याच्या वहीत चढवावी लागेल, आणि एकदा वहीत चढली की...

“चढव,” हार्लन म्हणाला. “चढव की. मला घाई आहे.”

त्याला कसलीही घाई नव्हती. त्याला फक्त त्या दारातून बाहेर पडायचं होतं. लिओनचं वाक्य त्याने पुरतं ऐकलंही नाही. बाहेर येऊन तो गाडीत बसला आणि मागे न बघता निघाला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच, पण ते त्याला कळायला अजून पाच दिवस होते.

शुक्रवारी उत्तर आलं : नकार. कारण सांगत नाहीत, लिओनलाही नाही. फक्त एक शब्द. कोरीने शपथेवर सांगितलं की वेगाने गाडी चालवल्याच्या दंडापलीकडे आपण काही केलेलं नाही. दुसऱ्या कुणाशी नाव जुळलं असेल. त्याने हरकतीचा अर्ज केला, पण त्याला कित्येक आठवडे लागणार होते. लिओन गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगणारा नव्हता, पण त्या वेळी दुकानात मोजे घ्यायला आलेल्या दोघींनी ते ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गावाने कोरीच्या नावावर तीन गुन्हे लावून टाकले. कारण कळलं नाही की लोकांना किती सोयीचं जातं!

शनिवारी मोसम उघडला. कोरीच्या सासऱ्याने ह्या वर्षी बंदूक दिली नाही. संध्याकाळी चर्चच्या सभागृहात शिकारीच्या जेवणाची वार्षिक पंगत होती. हरणाचा रस्सा, अस्वलाचं भाजलेलं मांस, भोपळ्याचं सारण भरलेली पेस्ट्री, चेडर चीज. कोरी बायकोला घेऊन आला. त्यांच्या लांब टेबलावर दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. हार्लन ताट भरून वळला तेव्हा कोरीने त्याच्याकडे पाहिलं आणि शेजारची खुर्ची जराशी मागे ओढली. हार्लनने ते पाहिलं. आणि तो भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बसला.

का बसला ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या पोराच्या शेजारी बसलो तर आपल्याही कपाळावरचं कुणी वाचेल, असं काहीतरी वाटलं असेल. त्याने रश्श्याला हात लावला नाही. नोरीनने विचारलं, दुखतंय का काही? तो खांदा म्हणाला.

सोमवारी सकाळी लिओनचा फोन आला. तो नोरीनने घेतला, तेव्हाच खरं घोडं अडलं. रायफल परत घेऊन जा म्हणावं त्याला, लिओन तिला सांगत होता. फक्त माझ्या वहीत चढलेली असल्यामुळे बाहेर काढताना ती नियमाने मलाच त्याला ‘द्यावी’ लागेल. म्हणजे फॉर्म त्याला भरावा लागेल, तपासणी त्याची होईल, आणि चाळीस डॉलरही त्याचेच. स्वतःच्या बापाची बंदूक, काय हा कायदा! हे सांगताना लिओन पोट धरून हसत होता. ह्या कायद्याची वकिली ह्यानेच केली होती ना?

नोरीनलाही हसू आलं. तिला तर ही विक्री मोडल्याचा आनंदच झाला होता. देवाच्या मनातच नव्हतं, ती म्हणाली, उद्या जाऊन घेऊन येऊ, मी पण येते.

“राहू दे तिकडे,” हार्लन म्हणाला. “लिओन विकून टाकेल. बर्लिंग्टनचं एक गिऱ्हाईक आहे म्हणत होता.”

“तुझ्या वडिलांची रायफल बर्लिंग्टनच्या माणसाला?”

“कुणाला तरी द्यायचीच होती ना?”

“कोरीला द्यायची होती. तो आपला माणूस आहे.” ती त्याच्याकडे बघत राहिली. “हार्लन, चाळीस डॉलरसाठी तू असं करणार नाहीस. काय झालंय?”

काही नाही म्हणून तो लाकडं फोडायला बाहेर गेला. फोडलेली लाकडं पुन्हा रचली. मग ती रास वाकडी वाटली म्हणून मोडून परत रचली. ‘नाही’च्या चौकोनात खूण करायची, बस. १९७२ सालचं एका जिल्हा न्यायालयातलं कागदी प्रकरण, ते कुणी यंत्रात घातलंही नसेल. उंदरांनी खाल्लं असेल. पण घातलं असेल तर? तर खोटं लिहिल्याचा नवा गुन्हा, आणि तो वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. ‘हो’ लिहिलं तर अशा माणसाला बंदूक बाळगायचीच मनाई, म्हणजे रायफल गेली, कपाटातली शॉटगन गेली, शिकारीच्या झोपडीतला बिछाना गेला, आणि नोरीन. शेवटी सगळं नोरीनपाशीच येऊन थांबत होतं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ती त्याला सरळ माणूस समजत आली होती. ती नजर बदललेली बघणं त्याला सोसवणार नव्हतं.

दुपारी दूध आणायला गेला तर कोरी पेट्रोल पंपावर भेटला. हार्लनने मान हलवली आणि सटकायला बघितलं, पण कोरी वाटेत येऊन उभा राहिला. रागावलेला नव्हता; तसा असता तर बरं झालं असतं.

“बाकीच्यांचं मी मनावर घेत नाही,” कोरी म्हणाला. “पण तुम्ही फॉर्म वाचताना शेजारी होता. मी खोटं लिहितोय असं तुम्हालाही वाटलं का?”

“नाही रे,” हार्लन म्हणाला.

“मग शनिवारी माझ्याजवळ का नाही बसलात?”

हार्लन पंपावरचा आकडा बघत राहिला. कोरी क्षणभर थांबला, मग पेट्रोलची नळी जागेवर ठेवून निघून गेला. हार्लन दूध न घेताच घरी आला आणि आपण काय आणायला गेलो होतो ते नोरीनने विचारेपर्यंत त्याला आठवलं नाही. ती रात्र त्याने कुशी बदलत काढली.

मंगळवारी दहा वाजता दोघं निघाले. नोरीनने पिकअपच्या मागच्या सीटवर जुनी कांबळ अंथरली होती, रायफलीला ओरखडा पडू नये म्हणून. ती गाडीतच थांबली; लिओनच्या दुकानातल्या गळांच्या वासाने तिला मळमळायचं.

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. लिओनने आधी कपट्यावर टकटक केली, मग फॉर्म पुढे सरकवला. “सही करा आणि बंदूक घेऊन घरी जा,” त्याने नाटकी आवाजात वाचलं. “दोन मिनिटांचं काम. तुला नाही म्हणतील तर मी हे दुकान बंद करून मोजे विणायला बसेन.”

हार्लनने नाव लिहिलं. पत्ता लिहिला. उंची, वजन. चौकोनांपाशी आला तेव्हा त्याने काचेतून बाहेर पाहिलं. नोरीन आरशात बघून टोपी नीट करत होती. ‘नाही’ला एक रेघ पुरली असती. त्याने पेनचं टोक त्या चौकोनावर ठेवलंही. मग त्याला ती जराशी मागे ओढलेली खुर्ची आठवली, आणि पेन एका चौकोनाने डावीकडे सरकलं.

लिओनने फॉर्म उचलून वरून खाली नजर फिरवली आणि त्याला हसू फुटलं. “म्हाताऱ्या, चुकीच्या ठिकाणी खूण केलीस. होतं असं, महिन्यात दोघं तरी करतात. चष्मा बदल.” त्याने तो कागद बाजूला ठेवून खणातून नवा कोरा फॉर्म काढला. “घे. पुन्हा भर, ह्याचे पैसे नाही लावत.”

कोरा फॉर्म गल्ल्यावर पडून होता. आयुष्यात सुटकेची संधी इतक्या मायेने कुणी पुढे केली नव्हती. हार्लनला खरंच रडू आलं असतं.

“चूक नाही, लिओन,” तो म्हणाला.

लिओनचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने पहिला फॉर्म पुन्हा उचलला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि हार्लनकडे पाहिलं. हार्लनने मान हलवली.

“केव्हा?”

“एकोणीस वर्षांचा होतो. सरोवरापलीकडे.”

 मग लिओनने रायफल गल्ल्यावरून उचलली आणि पाठीमागच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. जुन्या मित्राच्या हातातून काही काढून घेतल्यासारखं त्याचं त्यालाच झालं असावं, कारण तो वळला तेव्हा त्याला काय करावं कळेना. ती मी विकून देईन, पैसे तुझे, असं तो पुटपुटला. चाळीस डॉलर राहू देत म्हणाला. हार्लन दाराशी पोचला तेव्हा तो मागून हळूच म्हणाला, “घरच्या कपाटात अजून काय आहे ते मला सांगू नकोस. पण ते तुझ्या घरात राहू देऊ नकोस.” आणि बाहेर पडताना हार्लनला दिसलं की लिओन पाटीखालचा कपटा नखाने खरवडून काढतोय.

तो गाडीत येऊन बसला. नोरीनने मागे वळून कांबळीची घडी सारखी केली, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

त्याने सगळं सांगितलं. समोरच्या काचेकडे बघत, आडवळण न घेता. बंगला, दार, डेनी, इंजिन, न्यायाधीश. संपल्यावर तो थांबला. नोरीनच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत होईना.

“इंजिन चालत तरी होतं का?” तिने विचारलं.

“नाही.”

तिने एक लांब श्वास घेतला. ती हसेल असं त्याला क्षणभर वाटलं, पण ती हसली नाही.

“त्याचं मला काही नाही,” ती म्हणाली. “म्हणजे आहे. चव्वेचाळीस वर्षं नाही सांगितलंस, त्याचं मी तुला घरी ऐकवीन, आणि एका दिवसात संपणार नाही ते. पण शनिवारी त्या पोराने तुझ्यासाठी खुर्ची ओढली होती. मी बघितलं. त्याने काही केलेलं नाही आणि तू केलंयस हे तुला ठाऊक होतं, आणि तरी तू भिंतीकडे जाऊन बसलास.”

तिला ते दिसलं होतं तर! इतके दिवस तो ज्या नजरेला भीत होता ती शनिवारपासूनच बदललेली होती, आणि बोटीच्या इंजिनाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. 

त्याने गाडी सुरू केली. चौकात घराकडे डावीकडे वळायचं असतं. तो उजवीकडे वळला. नोरीनने काही विचारलं नाही. कांबळ मात्र तिने पुढे घेतली आणि मांडीवर घडी करून ठेवली.

कोरी अंगणात ट्रकला बर्फ काढायचं पातं बसवत होता. हार्लनला उतरताना पाहून तो सरळ झाला, हात पँटला पुसले, पण पुढे आला नाही. हार्लन चिखलातून चालत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“लिओनकडून येतोय,” तो म्हणाला. “रायफल परत आणायला गेलो होतो.”

“मग?” कोरी म्हणाला. “आणलीत?”

हार्लनने मान हलवली. “मलाही नाही दिली.”